कोण आलं?

अमरावती, २ जुलै २००६

तनवीर शेख?

हजेरी घेतली आहे, उत्तर पत्रानंच दे. फोनवर तू भराभर बोलतोस. त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जातं आणि उरलेलं फोन ठेवेपर्यंत विसरायला होतं. कागदावरचं चार वेळा वाचता येतं. सातवीत मी तुला शिकवलं, आता अकोल्यात तू कॉम्प्युटरचा क्लास चालवतोस, तर थोडं मला शिकव.

झालं असं, की आपल्या वलगावच्या शाळेला तीन कॉम्प्युटर मिळाले. मुख्याध्यापकांनी त्यांना फुलाफुलांची फडकी शिवून घातली आणि खोलीला कुलूप लावलं. मी किल्ली मागत राहिलो, तेव्हा त्यांनी पीडा टळावी म्हणून मला प्रशिक्षणाला धाडलं. तिथं एका तरुण सरांनी फ्रंटपेज नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेबसाइट करायला शिकवलं. मी शाळेचं एक पान केलं. वर शाळेचं नाव, मध्ये झेंडावंदनाचा फोटो, खाली सुविचार. मला तर फार देखणं वाटलं. वर्गाला नेऊन दाखवलं, तर आकांक्षा नावाची माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "गुर्जी, याच्यात आमी कुठं लिवाचं?"

मी सांगितलं, यात लिहायचं नाही, फक्त वाचायचं. ती म्हणाली, "मंग हे त भिंतच झाली."

ही पोरगी अशीच आहे. हजेरीला सगळे 'हजर' म्हणतात, ही 'हाव' म्हणते. शंभरदा सांगून झालं. पण तिचं म्हणणं मनाला लागलं, कारण मला भिंत नकोच आहे. दोन-तीन वर्षं कापसाचं काही खरं नाही, तुला माहीतच आहे. माणसं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन निघतात, कोणी सुरतेला, कोणी पुण्याला, आणि पोरं त्यांच्यासोबत. शिवमला त्याच्या मामाकडे अकोल्याला ठेवलं आहे. मी हजेरीत त्याचं नाव घेतो आणि पुढं आवाज येत नाही. पस्तीस वर्षांत एवढी शांतता मी वर्गात ऐकली नव्हती. सातवीनंतर आपली शाळा संपते. निदान एप्रिलपर्यंत हा वर्ग अख्खा राहावा, कसाही. पोरगं कुठंही असो, तिथून त्यानं वर्गात बसावं, मी प्रश्न विचारावा, त्यानं उत्तर लिहावं. असल्या साइटला डायनॅमिक म्हणतात, असं ते सर म्हणाले. आधी मला वाटलं, डायनामाइटचाच काही प्रकार असेल.

नवशिक्या म्हाताऱ्याला झेपेल असं कोणतं सॉफ्टवेअर, ते सांग. आणि वलगावला ये एकदा.

सूर्यभान गुरुजी

•

अकोला, ११ जुलै २००६

हजर, गुरुजी.

तुमचं अक्षर पाहिलं आणि हात आपोआप पाठीमागं गेले. अकीलाला, म्हणजे तुमच्या सुनेला, पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, ही आकांक्षा मोठी झाली की तुमच्या क्लासात मास्तरीण म्हणून ठेवा.

आकांक्षा बरोबर बोलली. फ्रंटपेजनं पानं छान होतात, माझ्या क्लासात मीही सुरुवात तिथूनच करतो. पण नुसतं पान ही खरंच भिंत आहे. तुम्हाला हवा आहे फळा, ज्यावर तुम्हीही लिहाल आणि पोरंही. त्यासाठी पानाच्या मागं दोन गोष्टी लागतात. एक कपाट, जिथं पोरांनी लिहिलेलं जपून राहील. त्याला मायएसक्यूएल म्हणतात. आणि एक शिपाई, जो पोराची चिठ्ठी कपाटात नेऊन ठेवेल आणि मागितली की काढून देईल. तो पीएचपी. दोन्ही फुकट मिळतात.

आता निवड तुमची. मूडल म्हणून एक तयार गोष्ट आहे, खास शिकवण्यासाठी केलेली. चर्चा, परीक्षा, गुण, सगळं तिच्यात आहे, पण आपल्या एका वर्गाला ती फार मोठी पडेल. ड्रीमविव्हर विकत घ्यावं लागतं आणि तुमच्या मशिनी तेवढ्या दमाच्या नाहीत. चर्चा-मंडळाचं एखादं तयार सॉफ्टवेअर घेतलं तर एका दुपारी उभं राहील, पण त्यावरची बटणं बहुतेक इंग्रजीत असतात. किंवा मग नोटपॅड उघडायचं आणि आपण स्वतः पीएचपीच्या थोड्या ओळी लिहायच्या. वेळ जास्त लागेल, चुका होतील, पण त्यातला शब्द न् शब्द आपला असेल.

मी तुमच्या जागी असतो तर तयार घेतलं असतं. पण तुम्हाला मी ओळखतो. चार ओळींचा नमुना सोबत जोडला आहे.

वलगावला यायचं म्हणतो, पण अम्मी गेल्यापासून तिथं कोणाकडे उतरायचं हेच समजत नाही. अब्बांचं कापूस पिंजायचं पिंजण अजून तिथल्या घरात आतल्या खोलीत टांगलेलं आहे. कुलूप उघडायचा धीर होत नाही.

आपला,
तनवीर

•

अमरावती, १३ ऑगस्ट २००६

तनवीर शेख?

तुझा नमुना तपासला. तू प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला आहेस. वाक्य संपलं की पूर्णविराम, हे मी तुला शिकवलं होतं. मी लाल पेनानं सगळे दुरुस्त केले, कॉम्प्युटरमध्येही पूर्णविराम घातले आणि चालवून पाहिलं. तो काही केल्या चालेना. तीन दिवस मी त्याच्यावर चिडलो होतो. शेवटी प्रशिक्षणातल्या सरांना फोन केला. ते इतके हसले की मीच फोन ठेवून दिला. पीएचपीत वाक्य कधी पुरतं संपतच नाही, असं मी आता धरून चाललो आहे.

नोटपॅडच ठरलं. पोरांच्या डोळ्यांसमोर जो शब्द येईल तो घरातला असावा, एवढाच माझा हट्ट. नमुन्यासोबत तू पाठवलेल्या पानावर 'प्रवेश करा' असं आहे. ते तहसील कचेरीसारखं वाटतं. कोणी दारावर आलं तर आपण आतून काय विचारतो? 'कोण आलं?' तेच लिही. पोरानं आपलं नाव लिहावं आणि आत यावं.

आणि निघायच्या बटणावर तू 'बाहेर पडा' लिहिलंस. अरे, मस्ती करणाऱ्याला मी हेच म्हणून वर्गाबाहेर काढतो. तूच किती वेळा व्हरांड्यात उभा राहिलास, आठव. दुसरं काहीतरी घाल.

अजून एक. पोरं पासवर्ड विसरतील. निम्मा तास त्यातच जाईल आणि तोवर लोडशेडिंग होईल. एकदा नाव सांगितलं की पुन्हा पुन्हा विचारू नये, असं करता येईल का?

सूर्यभान गुरुजी

•

अकोला, २७ ऑगस्ट २००६

हजर, गुरुजी.

तुमचे पूर्णविराम मी क्लासातल्या फळ्यावर लिहून दाखवले. पोरं आठवडाभर हसत आहेत. रागावू नका, तुमचं नाव सांगितलं नाही.

साइट इंटरनेटवर चढवली आहे. दारावर 'कोण आलं?' आहे. आत गेलं की तुमचा प्रश्न, खाली उत्तराची चौकट आणि 'हजर' असं बटण. कोपऱ्यात बारीक अक्षरात ज्याचं त्याचं नाव येतं. अख्ख्या वर्गाची हजेरी फक्त तुमच्या पानावर दिसेल. निघायच्या बटणावर 'जातो' केलं आहे.

पासवर्डचं तुम्ही म्हणालात तसं केलं. एकदा नाव सांगितलं की त्या मशिनीवर ते पान सहा महिने त्याच पोराचं राहील. म्हणून उठताना 'जातो' दाबायला विसरू देऊ नका. नाहीतर मागून येणारं पोरगं पुढच्याच्या जागेवर बसेल.

शिवम सापडला. त्याच्या मामाचं दुकान आमच्याच गल्लीत निघालं. शनिवारी त्याला क्लासात बसवीन.

आपला,
तनवीर

•

अमरावती, ८ ऑक्टोबर २००६

तनवीर शेख?

काल शिवमच्या नावापुढं 'हजर' उमटलं आणि मी खोलीत मोठ्यानं ओरडलो, शिवम हजर. सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मुख्याध्यापक धावत आले. त्यांना वाटलं शॉर्टसर्किट झालं.

पोरं भरभरून लिहितात. तोंडानं बोलायला लाजणारी मुलंसुद्धा इथं घरचं सगळं सांगतात. आकांक्षानं पहिल्याच दिवशी तक्रार टाकली, की 'हाव' असं बटण का नाही. ती आणि मिस्बाह जोडीनंच असतात. शाळेत पोट भरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर मिस्बाहचा चाचा जुबेर याच्या इंटरनेटच्या दुकानात जातात. त्याची एक मशीन पडद्यामागं आहे, ती त्यानं या दोघींना देऊन टाकली आहे.

एकच अडचण आहे. 'जातो' काही कोणी दाबत नाही. उठून सरळ पळतात. विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. शाळेत मीच मागून फिरून एकेक बटण दाबतो. कंटाळा, दुसरं काय.

दिवाळी आली. अकीलाला आणि तुला आशीर्वाद. रमजानचे रोजे चालू असतील, प्रकृती सांभाळा.

सूर्यभान गुरुजी

•

अमरावती, १९ नोव्हेंबर २००६

तनवीर,

आज हजेरी नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि आकांक्षा आली नाही. कपाशीवर लाल्या रोग पडला, तिच्या बापानं उभं वावर दुसऱ्याला लावून दिलं आणि ऐन सुटीत सगळे सुरतेला गेले. घराला कुलूप आहे. शेजाऱ्यांना सुरत एवढंच माहीत, पुढचं कोणाला काही माहीत नाही. पोरगी मला भेटूनसुद्धा गेली नाही. सुटीत मी अमरावतीला होतो, ती कुठून भेटणार, हे मला समजतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

मला स्वतःची मुलं नाहीत, हे तुला माहीत आहे. त्याचं दुःख मी कधी केलं नाही, वर्गात पस्तीस-चाळीस असायची. पण एकाहत्तर सालापासून इतकी पोरं आली-गेली, त्यात एवढा जीव मी कोणाला लावला नव्हता. खिडकीजवळची तिची जागा रिकामी आहे. मी तिचं नाव घेतो, थोडा थांबतो, आणि 'हाव' ऐकू येत नाही.

शाळेचा फोन बंद पडला आहे, त्यामुळे इंटरनेटही नाही. पोरांना सांगितलं आहे, जमेल तिथून लिहा. मी संध्याकाळी अमरावतीत बसस्टँडजवळच्या दुकानात जाऊन पान पाहतो. तिला साइटचं नाव पाठ आहे. सुरत मोठं शहर आहे, तिथं कॉम्प्युटर असतीलच.

सूर्यभान

•

अकोला, २८ नोव्हेंबर २००६

हजर, गुरुजी. तुम्ही नाव घेतलं नाही तरी हजर.

तिला पान सापडेल. शिवम पहिला महिना इथं कोणाशी बोलत नव्हता, आता शनिवारची वाट पाहतो. नव्या गावात बसायला वेळ लागतो. मला अकोल्यात पंधरा वर्षं झाली, तरी कोणी गाव विचारलं की तोंडातून वलगावच निघतं.

तुम्ही प्रश्न टाकत राहा. पान उघडं आहे.

आपला,
तनवीर

•

अमरावती, ७ जानेवारी २००७

तनवीर शेख?

अकीलाला सांग, गोड काहीतरी कर. आकांक्षा आली!

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी सवयीनं पान उघडलं, तर तिच्या नावापुढं 'हजर'. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तुला लगेच लिहिणार होतो, पण दृष्ट लागेल असं वाटलं, म्हणून गप्प राहिलो. आता दर शनिवारी येते. मी विचारलं, घरी काय शिजलं? तिनं लिहिलं, भाकर आन् वांग्याची भाजी. तिकडे जाऊन पोरगी भाकरीला विसरली नाही. नव्या वर्षाचं विचारलं, तर लिहिलं, ईद होती, हाताले मेंदी लावली, मजा आली. म्हणजे शेजार चांगला मिळालेला दिसतो. आपल्या पोरीला ईदला बोलावून मेंदी लावणारी माणसं आहेत, मग मला काळजी नाही.

फक्त थोडी मऊ पडल्यासारखी वाटते. भांडत नाही, 'हाव'चा हट्ट करत नाही. परक्या गावानं माणूस शांत होत असेल.

उलट मिस्बाह बिघडली. मैत्रीण गेल्यापासून साइटवर एकदाही हजर नाही आणि विचारलं तर म्हणते, "मी त दर शनिवारी जातो, गुर्जी." पोरगी कधी खोटं बोलत नव्हती. परवा तिला सगळ्यांसमोर उभं केलं. सुरतेला गेलेली लिहिते आणि गावात असलेली लिहीत नाही, असं सुनावलं. 

सूर्यभान गुरुजी

•

अकोला, १५ जानेवारी २००७

हजर, गुरुजी.

पत्र मिळालं. क्लासात परीक्षा चालू आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. मिस्बाहला रागावू नका. तिचं काही तांत्रिक असेल, मी पाहतो.

तनवीर

•

अमरावती, २८ जानेवारी २००७

तनवीर शेख?

तुझं पत्र होतं की तार? प्रकृती बरी आहे ना?

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी साइटवर लिहिलं, सगळ्यांनी आपापला पत्ता टाका, मी प्रत्येकाला पोस्टकार्ड पाठवणार आहे. तुला कळलंच असेल, मला एकीचाच पत्ता हवा होता. आकांक्षानं लिहिलं: मु. पो. वलगाव.

सुरतेत बसून पोरीनं पत्ता वलगावचा लिहिला, तनवीर. बसस्टँडजवळच्या दुकानातच माझे डोळे भरून आले. दुकानदारानं विचारलं, सर, मशीन हँग झाली का?

मी ठरवलं आहे. परीक्षा झाली की सुरतेला जायचं. तिथल्या एखाद्या शाळेत तिचं नाव घालून यायचं आणि तिच्या बापाशी दोन शब्द बोलायचे. बडनेऱ्याहून गाडी आहे. फक्त सुरतेत जायचं कुठं, हा प्रश्न आहे. दोनदा विचारलं, तिनं सांगितलं नाही. पण तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांना म्हणे कळतं, कोण कुठल्या ठिकाणाहून लिहून राहिलं ते. तेवढं शोधून दे. गावाचा भाग कळला तरी पुरे, पुढचं मी विचारत विचारत जाईन.

सूर्यभान गुरुजी

•

अकोला, ४ फेब्रुवारी २००७

हजर, गुरुजी.

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि फाडलं. अकीला म्हणाली, तुमचे गुरुजी सुरतेच्या गल्ल्यांतून फिरणार आणि तुम्ही इथं गप्प बसणार का? म्हणून लिहितो.

आकांक्षाच्या नावानं जे येतं ते सुरतेहून येत नाही. वलगावच्या जुबेरच्या दुकानातून येतं. दिवाळीआधी त्या दोघी जिथून लिहायच्या, तिथूनच. मागच्या पत्राच्या वेळीच मी तपासलं होतं. तुमचा आनंद पाहून सांगवलं नाही.

झालं ते असं. दिवाळीच्या सुटीआधी आकांक्षा त्या पडद्यामागच्या मशिनीवर शेवटची बसली आणि 'जातो' न दाबता उठली. सहा महिने पान तिचंच राहील अशी सोय मी केली होती, म्हणून ते तिचंच राहिलं. दिवाळीनंतर त्या मशिनीवर मिस्बाह बसते. पान 'कोण आलं?' विचारत नाही, सरळ उघडतं. मिस्बाह लिहिते आणि ते आकांक्षाच्या नावावर जातं. भाकर मिस्बाहच्या घरची, ईद तिची, पत्ताही तिचाच. ती खोटं बोलली नाही, गुरुजी. ती दर शनिवारी हजर होती.

आणि बटण पोरं का दाबत नव्हती, तेही काल ध्यानात आलं. मी क्लासाला निघालो होतो. घाईत अकीलाला म्हणालो, जातो. तिनं मला उंबऱ्यावरून परत बोलावलं. असं बोलू नका, म्हणाली. माझी अम्मीही तसंच करायची. वाटेनं निघालेलं पोरगं परत फिरवून 'येतो' म्हणायला लावायची. घरातून निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही. जो परत येणार नसतो त्याच्याबद्दल मागं राहिलेली माणसं म्हणतात, गेला. या दोन वर्षांत तुमच्या वर्गातल्या किती घरांनी तो शब्द ऐकला, ते तुम्हाला जास्त माहीत. त्या पोरांसमोर मी ते बटण ठेवलं. तुम्ही भाषा शिकवणारे, मी वलगावचा, आणि दोघांनाही ते दिसलं नाही.

काल रात्री तिथं 'येतो' केलं. पोरींसाठी वेगळं 'येते' घालावं का, असं मनात आलं होतं, पण आपल्या वऱ्हाडात पोरीही 'येतो'च म्हणतात.

आकांक्षाचं उघडं राहिलेलं पान मला इथून एका ओळीत बंद करता येईल. मी हात लावलेला नाही. ते तुम्ही सांगाल तसं.

रविवारी निघतो आहे, पंचवीस तारखेच्या. घर उघडायला कोणीतरी सोबत लागेल.

येतो.
तनवीर

•

अमरावती, १८ फेब्रुवारी २००७

तनवीर शेख?

पत्र वाचून तुझा राग आला. मग स्वतःचा आला, मग त्या जुबेरचासुद्धा आला, त्यानं काय केलं होतं कोणास ठाऊक. दोन दिवस हजेरी घेतली नाही. कोणाचंच नाव घेऊ नये असं वाटलं.

मग मिस्बाहला बाहेर बोलावलं आणि तिची माफी मागितली. सांगितलं, की तुझी चूक नव्हती, तू लिहिलेलं दुसरीच्या नावावर जात होतं, तुला काय माहीत. ती खाली मान घालून उभी होती. तशीच म्हणाली, "मले माहीत होतं, गुर्जी."

तिला पहिल्याच शनिवारी कोपऱ्यातलं नाव दिसलं होतं. स्वतःच्या नावानं बसायचं तर आधी ते बटण दाबायला लागणार. मी विचारलं, मग दाबलं का नाहीस? त्यावर ती म्हणाली, "मी 'जातो' कशी दाबू? ते दाबलं असतं त आकांक्षा गेली असती."

एवढंच. सगळ्या वर्गासमोर मी तिला उभं केलं, तेव्हाही तिनं हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ते पान बंद केलं असतं, हे तिला समजत होतं. उत्तरं मात्र तिनं स्वतःचीच लिहिली. मैत्रिणीच्या नावानं खोटं कशाला लिहू, म्हणाली. मी रोज हजेरीत आकांक्षाचं नाव घेऊन थांबतो, आणि ही बारा वर्षांची पोरगी तिकडे तेच करत होती. आम्हा दोघांनाही ती वर्गात हवी होती.

काल शाळा सुटल्यावर मी तिच्यासोबत जुबेरच्या दुकानात गेलो. त्यानं पडदा बाजूला करून खुर्ची पुसून दिली. पान उघडलं. विचारलं नाही, काही नाही, सरळ आत. कोपऱ्यात बारीक अक्षरात आकांक्षा. मी थोडा वेळ नुसता पाहत बसलो. मग मिस्बाहला नवीन बटण दाखवलं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती सांगून गेली नव्हती ना, तर तिच्या वतीनं तू सांग.

तिनं 'येतो' दाबलं.

आणि तुझं ते पान समोर आलं. कोण आलं? मीच हट्टानं घालायला लावलेला शब्द. कोणी आलं नव्हतं.

शेवटी मिस्बाहनं स्वतःचं नाव लिहिलं आणि आत गेली. घरी परतताना मी अमरावतीत उतरून पान पाहिलं. मिस्बाहपुढं 'हजर' होतं आणि आकांक्षापुढं रिकामं.

सुरतेचं मी रद्द केलं आहे. कुठं शोधणार? पण एक बरं झालं. आता त्या नावापुढं 'हजर' उमटेल, ते तिनंच लिहिलेलं असेल. मी उतरून रोज बघतो.

पंचवीसला मी वलगावच्या फाट्यावर थांबतो. किल्ली विसरू नकोस.

येतो.
सूर्यभान गुरुजी

ता. क. 'हजर'च्या शेजारी एक 'हाव'चं बटण घालून ठेव. तिची तक्रार अजून तशीच पडून आहे.